वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाळीआधी वाढणारी भूक: कधी काय करायचं

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने भूक जवळपास गायब असते. जेवायची वेळ झाली हे घड्याळ बघून कळतं. मग एखाद्या महिन्यात, पाळीच्या सात-आठ दिवस आधी, ती परत येते. जेवून तास होत नाही तोच काहीतरी खावंसं वाटतं, सारखं गोड आठवतं, रात्री झोपायच्या आधी पाय स्वयंपाकघराकडे वळतात. त्यात काट्यावर वजनही किलोभर वाढलेलं दिसतं. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो हाच: पोट पुन्हा मोठं झालं का? एवढं सगळं सोसलं ते फुकट गेलं का?

बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. पाळीआधीची भूक खरी असते, तिला शारीरिक कारणं आहेत, आणि मुख्य म्हणजे ती साधारण कधी येणार हे आधी कळू शकतं. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. भूक लागल्यावर त्या दिवशी तिच्याशी झगडण्यापेक्षा तिची सोय आधीच करून ठेवायची.

हे मार्गदर्शन स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठराचा लहान कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडणं) झालेल्या आणि नेहमीचं घन अन्न खाऊ लागलेल्या स्त्रियांसाठी आहे. तुम्ही अजून पातळ किंवा मऊ आहाराच्या टप्प्यात असाल तर भूक कितीही लागली तरी पुढच्या टप्प्यावर उडी मारू नका. पोटावरची टाक्यांची रेघ भरून यायला वेळ लागतो. त्या काळात पाळी अवेळी येणं किंवा रक्तस्राव कमी-जास्त होणंही घडतं. भुकेबद्दल तुमच्या आहारतज्ज्ञांना फोन करा आणि आहे त्याच टप्प्यात प्रथिनं वाढवता येतील का ते विचारा.

ही भूक येते कुठून

पाळीच्या चक्राचे ढोबळ दोन भाग असतात. पहिल्या भागात इस्ट्रोजेन वाढत जातं, आणि इस्ट्रोजेन भूक थोडी दाबून ठेवतं. म्हणून बीज बाहेर पडतं त्या सुमारास, म्हणजे चक्राच्या मध्यावर, बऱ्याच जणींची भूक सगळ्यात कमी असते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं. शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं, बसल्याजागी होणारा ऊर्जेचा खर्चही किंचित वाढतो आणि भूकही वाढते. हा फरक बाईगणिक वेगळा असतो. कुणाला जाणवतही नाही, कुणाचं खाणं दिवसाला शंभर-दोनशे कॅलरींनी वाढतं, कुणाचं त्याहूनही जास्त. शेवटच्या काही दिवसांत दोन्ही हार्मोन खाली येतात. त्याचा परिणाम मेंदूतल्या सेरोटोनिनवर होतो, आणि मग चिडचिड, तुटक झोप आणि गोड किंवा पिठूळ पदार्थांची ओढ एकत्रच येते. रक्तस्राव सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत हे सगळं बहुधा निवळतं.

आता यात शस्त्रक्रियेचा भाग जोडून पाहा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढला जातो. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासनंतर जेवल्यावर आतड्यातून तृप्तीचे हार्मोन जास्त प्रमाणात सुटतात. त्यामुळे सुरुवातीला भूक इतकी खाली जाते की पाळीआधीची वाढ त्यात झाकून जाते. सहा महिने ते वर्षभराने हा परिणाम थोडा सौम्य होतो आणि ती वाढ पुन्हा दिसू लागते. पाऊच, म्हणजे शस्त्रक्रियेने लहान केलेलं पोट, ताणला गेला असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. वजन जास्त असताना, विशेषतः पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनशी संबंधित विकार) असेल तर, अनेकींना नियमित बीज बाहेर पडतच नाही. चरबीच्या पेशीही इस्ट्रोजेन तयार करतात आणि त्याने सगळं चक्र बिघडतं. वजन उतरलं की अंडाशय पुन्हा कामाला लागतात. म्हणजे ज्या बाईला कित्येक वर्षांत खरं प्रोजेस्टेरॉनचं चक्र आलं नव्हतं, तिला ते आता दर महिन्याला येतं. पाळीआधीची भूक, स्तनांचा जडपणा, पोटफुगी हे सगळं तिला नवं वाटतं. ही तब्येत सुधारल्याची खूण आहे. तेवढीच सावधगिरीची सूचनाही आहे, कारण गर्भधारणेची शक्यता एकदम वाढते. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा शोषल्या जातीलच याची खात्री नसते. दुसऱ्या साधनाबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि भूक वाढली आहे पण पाळी आलेली नाही, असं असेल तर बाकी काही करण्याआधी गर्भचाचणी करा.

पहिली पायरी: दोन-तीन पाळ्यांची नोंद

साधी वही पुरे. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. रोज तीन-चार गोष्टी लिहा: जेवणाआधीची भूक ० ते १० मध्ये, किती वाजता लागली, काय खाल्लं, झोप कशी झाली. मनःस्थितीसाठी एक शब्द पुरतो. वेदनेची गोळी घेतली असेल तर तिचं नाव लिहा. ते का महत्त्वाचं आहे ते पुढे येईल.

दोन-तीन चक्रांनंतर भुकेचे दिवस आपोआप दिसतात. ते मागच्या पाळीपासून पुढे मोजू नका, पुढच्या पाळीच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजा. बीज बाहेर पडल्यानंतरचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांच्या आसपास असतो. चक्र लांबतं किंवा आखडतं ते मुख्यतः पहिल्या भागात. त्यामुळे ‘पाळीच्या ५ दिवस आधी’ हे गणित ‘चक्राच्या २३ व्या दिवशी’ यापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरतं.

गर्भाशय काढलेलं आहे पण अंडाशय शाबूत आहेत, किंवा गर्भाशयात बसवलेल्या हार्मोनच्या गर्भनिरोधक साधनामुळे रक्तस्राव जवळजवळ थांबलेला आहे, अशा स्त्रियांनाही आतून चक्र चालू राहू शकतं. त्यांना तारीख नसते म्हणून ही भूक आणखी गोंधळात टाकते. त्यांनी स्तनांचा जडपणा, पोटफुगी आणि झोप बिघडणं यावरून अंदाज घ्यावा.

वजनाचं मात्र या दिवसांत काही मनावर घेऊ नका. पाळीआधी शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा एक-दोन किलो वर जाऊ शकतो. पाळी संपल्यावर ते उतरतं. माझं स्पष्ट मत आहे की पाळीआधीच्या आठवड्यात वजन करूच नये. दर महिन्याला पाळीच्या सहाव्या-सातव्या दिवशी करा आणि तोच आकडा मागच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी ताडून बघा. काटा बघून घाबरून केलेली उपासमार पुढच्या दोन दिवसांत दुप्पट भूक घेऊन येते.

दुसरी पायरी: ही भूकच आहे का, ते तपासा

शस्त्रक्रियेनंतर पोटातून येणारे संदेश बदललेले असतात. बऱ्याच वेगळ्या गोष्टी ‘भूक’ म्हणून जाणवतात आणि पाळीच्या दिवसांत त्या एकावर एक येतात. म्हणून ही पायरी वगळू नका.

सगळ्यात साधी गोष्ट तहान. जेवताना पाणी न पिण्याचा आणि नंतर अर्धा तास थांबण्याचा नियम पाळताना दिवसभराचं पाणी कमी पडतं. दिवसाला दीड लिटर तरी जावं, घोट घोट करत.

दुसरी गोष्ट आम्ल. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होण्याचं प्रमाण जास्त असतं आणि रिकाम्या पोटातली जळजळ हुबेहूब भुकेसारखी वाटते. खाल्ल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आम्ल कमी करणारी गोळी मधल्या मध्ये बंद केली असेल तर ते आठवून बघा.

तिसरी आणि या दिवसांत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे साखर घसरणं. बायपासनंतर, आणि काही वेळा स्लीव्हनंतरही, गोड किंवा मैद्याचं काही खाल्लं की साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी साखर खाली येते. याला उशिराचं डंपिंग म्हणतात. हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं, डोकं हलकं होतं आणि प्रचंड भूक लागते. ही भूक शमवायला पुन्हा गोड खाल्लं की तेच चक्र पुन्हा. पाळीआधी गोडाची ओढ असल्यामुळे या फेऱ्यात अडकणं अगदी सोपं असतं. वहीत बघा: जोराची भूक लागली त्याच्या दोन तास आधी काय खाल्लं होतं? तिथे दर वेळी बिस्किट, रस किंवा चॉकलेट सापडलं तर उत्तर मिळालं.

चौथी, बर्फ चघळायची इच्छा. बर्फ, माती, खडू असं काही खावंसं वाटत असेल तर ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. पाळी येणाऱ्या आणि बायपास झालेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा धोका दुहेरी असतो, कारण रक्त दर महिन्याला जातं आणि लोह मुख्यतः ज्या भागात शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भाग वळसा घालून मागे टाकलेला असतो.

यातलं काहीच लागू होत नसेल तर एक साधी कसोटी लावा. समोर उकडलेलं अंडं किंवा साधं दही आलं तर खावंसं वाटेल का? वाटलं, तर ही पोटाची भूक आहे आणि तिला अन्न द्यायचं. नको वाटलं आणि फक्त एक ठरावीक पदार्थच हवा असला, तर ती ओढ आहे. ओढ लागणं हा काही गुन्हा नाही, पण तिची हाताळणी वेगळी आहे.

तिसरी पायरी: भुकेच्या आठवड्याआधी ताट बदला

पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आठ-दहा दिवस आधीपासून हे सुरू करा. भूक जाणवायला लागल्यावर सुरू केलं तर उशीर होतो.

आधी प्रथिनं. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या आहारतज्ज्ञांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. भुकेच्या आठवड्यात हा आकडा रोज गाठला जातोय ना, हे मोजून बघा, कारण अंदाज हमखास चुकतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधात ७ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात ९ ग्रॅम प्रथिनं असतात. सकाळच्या खाण्यात २० ग्रॅम आले तर संध्याकाळची ओढ बरीच सौम्य होते. ताटात प्रथिनं आधी, मग भाज्या, आणि जागा उरली तर धान्य, हा क्रम या दिवसांत काटेकोर पाळा.

मग एक जादा छोटं खाणं. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. वहीवरून तुमची भुकेची वेळ काढा, समजा संध्याकाळी ५ वाजता. त्या आठवड्यात रोज पावणेपाचला १०० ते १५० कॅलरींचं, प्रथिनं असलेलं काहीतरी ठरवून खा: दोन उकडलेली अंडी, घट्ट दही, थोडं चिकन किंवा मासा, शिजवलेली कडधान्यं, किंवा प्रोटीन पावडर घातलेलं दूध. शरीर जेवढं जादा मागतंय तेवढंच हे आहे. ते आपण आपल्या हाताने, आपल्या निवडीने देतो. पाळी सुरू झाली की दोन दिवसांत हे जादा खाणं बंद करायचं. याच आठवड्यात कॅलरी आणखी कमी करायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. तो टिकत नाही.

पोटात न थांबणारे पदार्थ ओळखून ठेवा. चिप्स, बिस्किटं, कुरकुरीत फरसाणाचे प्रकार, आइस्क्रीम हे चावून मऊ होतात आणि लहान पोटातूनही झर्रकन पुढे सरकतात. पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि कितीही खाता येतात. शस्त्रक्रियेनंतर वजन परत चढतं ते बऱ्याचदा अशाच खाण्याने. घट्ट, चावून खाण्याचं अन्न पोटात टिकतं. ते पाण्यासोबत ढकललं तर मात्र तेही लवकर सरकतं, म्हणून जेवण आणि पाणी यांतलं अंतर या दिवसांत जास्तच महत्त्वाचं.

गोडाची ओढ फार असेल तर ती पूर्ण दाबू नका. ज्यांना डंपिंग होत नाही त्यांनी प्रथिनांच्या जेवणानंतर लगेच गडद चॉकलेटचा एक छोटा तुकडा किंवा फळाच्या काही फोडी बसून, चव घेत खाव्यात. रिकाम्या पोटी गोड नाही, आणि पाकीट हातात घेऊन नाही. डंपिंग होत असेल तर दह्यासोबत थोडं फळ एवढ्यावरच थांबा.

झोपेचंही तसंच. कमी झोपेने भूक वाढते आणि पाळीआधी झोप आधीच कच्ची असते. त्या आठवड्यात रात्रीची जागरणं टाळता आली तर टाळा.

चौथी पायरी: भूक उसळली त्या क्षणी

आधी घड्याळ बघा. शेवटचं खाणं होऊन तीन तास झाले असतील तर विचार करत बसू नका, ठरलेलं जेवण घ्या. तेवढा वेळ झाला नसेल, पण जेवून अर्धा तास होऊन गेला असेल, तर काही घोट पाणी किंवा कोमट बिनसाखरेचं पेय प्या आणि पंधरा मिनिटं दुसऱ्या कामाला लागा. तरीही भूक तशीच असेल तर प्रथिनांचा छोटा भाग ताटात वाढून घ्या, बसा, आणि वीस मिनिटं लावून खा. खाल्ल्यावर ताट उचला आणि स्वयंपाकघरातून बाहेर या.

खरा धोका असतो तो दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहण्याचा. एकेका घासाने लहान पोट भरत नाही, दुखत नाही, म्हणून काही बिघडतंय असं वाटत नाही. ठरवून केलेली सहा छोटी खाणी चालतील. मोजता न येणारी चालणार नाहीत.

थरथर, घाम, भोवळ असेल तर मात्र पंधरा मिनिटं थांबू नका. शक्य असेल तर साखर मोजा. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ग्लुकोज घ्या आणि सावरल्यावर लगेच प्रथिनं खा, नाहीतर साखर पुन्हा घसरते. मोजायची सोय नसेल आणि लक्षणं स्पष्ट असतील तरी हेच करा, आणि नंतर डॉक्टरांना कळवा.

पाचवी पायरी: पाळीच्या दिवसांत गोळ्या जपून

पोटदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या बायपासनंतर टाळायच्या असतात. पाऊच आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे त्यांनी अल्सर होऊ शकतो. स्लीव्हनंतरही त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भुकेशी याचा थेट संबंध आहे: अल्सरची कुरतडणारी वेदना पुष्कळदा भूक म्हणूनच जाणवते. दर पाळीला अशी गोळी घेतली आणि त्यानंतर ‘भूक’ वाढली, असं वहीत दिसलं तर ते त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरल्या मात्रेत आणि गरम पाण्याची पिशवी यांनी सुरुवात करा. तेवढ्याने भागत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तुमची शस्त्रक्रिया झालेली आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.

लोहाची गोळी चुकवू नका. शस्त्रक्रिया झालेल्या आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांना साधारणपणे दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवलं जातं. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाबरोबर चहा-कॉफी नको. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील तर रक्तस्रावावर आधी उपचार हवेत. नुसत्या गोळ्यांनी ती भर निघत नाही.

एखादा दिवस हातून सुटला तर

पुढच्या जेवणापासून नेहमीचा क्रम धरा. उपास नाही, जेवण वगळणं नाही, दुप्पट व्यायाम नाही. काय झालं ते वहीत दोन ओळींत लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात त्या दिवसासाठी काय लागेल ते कळेल.

डॉक्टरांना कधी गाठायचं

तीन महिन्यांच्या नोंदीत भूक महिनाभर सारखीच दिसत असेल तर तिचा पाळीशी संबंध नाही. आहार, औषधं आणि गरज पडल्यास पोटाची तपासणी करून कारण शोधावं लागेल. नवी औषधं सुरू झाली आहेत का तेही बघा. दर तीन महिन्यांनी घेण्याच्या गर्भनिरोधक इंजेक्शनने काहींची भूक आणि वजन दोन्ही वाढतं.

काळी शी, रक्ताची उलटी, पोटात असह्य वेदना, थांबत नसलेल्या उलट्या, शुद्ध हरपणं यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाणीही पोटात टिकत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

खाताना स्वतःवरचा ताबा सुटल्यासारखं वाटणं, लपून खाणं, नंतर लाज वाटून कुढणं हे दर महिन्याला होत असेल तर खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. पाळीआधी दर वेळी मन इतकं खाली जातं की काम, घर, नाती सगळं अडतं, असं असेल तर तो पीएमडीडी, म्हणजे पाळीआधीच्या त्रासाचा तीव्र मानसिक प्रकार, असू शकतो. त्याच्या निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते, आणि ती तुमच्याकडे असेलच. त्यावर चांगले उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र नोंदीची, भेटीच्या तारखेची वाट न पाहता लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या.

भेटीला जाताना वही, चालू गोळ्यांची यादी आणि शेवटचे रक्ताचे अहवाल सोबत न्या. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून किती दिवस झाले ते विचारा. फेरिटिन वेगळं मागावं लागतं, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो.